दिवेलागणीचा नियम

१

विद्याच्या घरात माणसं तीन, आणि तिघं तीन गावांत. नवरा उल्हास कंपनीने ओसाकाला पाठवलेला, मुलगा पार्थ क्योतोला शिकायला, आणि विद्या योकोहामात, पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, एकटी. उल्हासच्या नोकरीपायी पुणं सोडून ती इथे आली तेव्हा पार्थ कडेवर होता. आता तो आईशी निम्मं जपानी बोलतो, आणि उरलेलं निम्मं बोलतच नाही.

विद्याही नोकरी करायची, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रामांतल्या चुका शोधायच्या आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. हिवाळ्यात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. आणि नेमका त्याच सुमारास, पुण्यात दुपारची जेवणं उरकली की, सासूबाईंचा फोन यायचा.

प्रभावतीबाई ऐंशीच्या घरात, पण आवाज असा खणखणीत की ऑफिसच्या पॅसेजमध्ये विद्याला फोन कानापासून लांब धरावा लागे.

"दिवा लावलास का गं?"

"आई, मी ऑफिसात आहे हो."

"म्हणजे तिन्हीसांजेला घर अंधारात? दारही बंद? अगं, लक्ष्मी येते त्या वेळी दाराशी. दार बंद दिसल्यावर तिने काय करायचं? ताटकळत उभं राहायचं?"

रोज हेच. शेवटी विद्याने हात टेकले आणि ठरवलं, आपण येवढ्या कॉम्प्युटरवाल्या, फोनलाच लावू दे दिवा. देव्हाऱ्यात विजेची समई होतीच. दाराच्या आतल्या बाजूला फोनवरून उघडमीट होणारं कुलूपही उल्हासने मागेच चिकटवलं होतं. किल्ली तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून होती. आता हे सगळं एकत्र बांधणारं एक ॲप निवडायचं, बस.

ते 'बस' म्हणायला सोपं. उल्हासने सुचवलेल्या ॲपमध्ये अटी अशा लिहाव्या लागत की जणू प्रोग्रामच. "अगं, पण त्यात काहीही करता येतं," तो फोनवर म्हणाला. विद्या वैतागली. "मला काहीही नाही करायचं रे, मला दिवा लावायचाय!" दुसरं ॲप पूर्ण जपानीत, आणि बटण दाबलं की आधी माफी मागणारं. तिसरं साधं निघालं. एकेक प्रश्न विचारायचं, लग्नात भेटलेल्या लांबच्या मावशीसारखं. घर कुठे? घरात कोणकोण राहतं?

विद्याने स्वतःचं नाव लिहिलं. मग अंगठा थांबला. तेवढं एकच नाव त्या पांढऱ्या चौकोनात बघवेना बाईला. तिने खाली उल्हास लिहिलं, पार्थ लिहिलं. दोघांच्या फोनवर आमंत्रणं गेली आणि दोघांनी, कशाचं काय हे न विचारता, होकार दाबूनही टाकला.

मग तिने तीन नियम केले. सूर्य मावळला की समई लागावी, दाराचं कुलूप मिनिटभर उघडून पुन्हा मिटावं, आणि सासूबाईंना 'दिवा लागला' असा मेसेज जावा. घरातून सगळे बाहेर पडले की हीटर आणि दिवे बंद व्हावेत. आणि तिघंही घरात असले की फॅमिली ग्रुपवर मेसेज पडावा, 'सगळे घरी'.

हा तिसरा नियम काही कामाचा नव्हता. तिने तो नुसता हौसेने केला होता. नाताळानंतर दोघं सुट्टीला येणार होते, तेव्हा तो मेसेज पडेल, आणि आपण पोळ्या लाटता लाटता तो वाचू, येवढंच.

रिकाम्या घराचं दार मिनिटभर उघडं राहील, याची तिला भीती वाटली नाही. जपानमध्ये कोण येतंय घरात शिरायला?

२

कचरा वेगवेगळा करून टाकायच्या दिवशी सकाळी खाली ओगावा-सान भेटल्या. शेजारच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्या बाई, एकट्याच, कोणाच्या पिशवीत चुकीची बाटली गेलीय का ते बघणाऱ्या.

"काल तुमच्या बहिणीला भेटले," त्या म्हणाल्या.

"माझ्या बहिणीला?"

"उन्हं उतरताना तुमच्या दाराशी उभ्या होत्या. मी सांगितलं, विद्या-सान उशिरा येतात हं. वाकून नमस्कार केला त्यांनी. बोलल्या काही नाहीत."

विद्याला बहीण नाही. ती हसली. "दुसरी कोणी असेल हो. तिसऱ्या मजल्यावर नवीन इंडियन फॅमिली आलीय ना, त्यांच्यातली."

"असेल, असेल," ओगावा-सान म्हणाल्या. "पण चेहरा अगदी तुमचाच की."

आता म्हाताऱ्या बाईंना साऱ्या इंडियन बायका सारख्याच दिसणार, यात नवल ते काय. विद्याने ते तिथेच सोडून दिलं. पुढच्या कचऱ्याच्या दिवशी मात्र तिनेच विचारलं, उगाच, जाता जाता.

"ती बाई दिसली का हो परत?"

"रोज असायच्या की संध्याकाळच्या. परवापासून नाही दिसल्या," ओगावा-सान पिशवीची गाठ मारत म्हणाल्या. "आत गेल्या असतील."

३

त्या दिवशी विद्या घरी आली तर घर उबदार होतं.

बाहेर बंदराकडून असा वारा येत होता की कान बधिर व्हावेत, आणि आत हीटर चालू. म्हणजे सकाळी ती बाहेर पडली तरी 'सगळे बाहेर' हा नियम चाललाच नव्हता. विद्याने ॲप उघडलं. त्यात लिहिलं होतं: घरात, विद्या.

'आहेच की मी घरात, आत्ताच आले,' ती स्वतःशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर, गाडीची वाट बघत असताना तिने मुद्दाम पाहिलं. फोन तिच्या हातात, ती प्लॅटफॉर्मवर, आणि ॲप सांगत होतं: घरात, विद्या.

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईला ही चूक झोंबली. लोकेशनची गडबड असणार. तिने परवानग्या तपासल्या, फोन बंद करून चालू केला, ॲपच्या मदतकेंद्राला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतंय.

संध्याकाळी तिने दार उघडलं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या गीझरमधून (इथले गीझर बोलतात) नेहमीचा रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला, आंघोळीचं पाणी तयार आहे.

विद्या बूट हातात धरून तशीच उभी राहिली. पाणी भरायचा नियम तिने केलेला नव्हता. आत टबात पाणी होतं, वाफाळत होतं, आणि वर झाकण नीट ओढलेलं होतं. तिने सगळ्या खोल्या पाहिल्या, पार्थच्या खोलीतलं कपाटसुद्धा. कोणी नव्हतं. समई लागलेली होती. दाराजवळ तिच्या घरातल्या सपाता ठेवलेल्या होत्या, आत येणाऱ्याला सरळ पाय घालता येतील अशा वळवून. तिने पाय घातले. सपाता गरम होत्या.

'हीटरमुळे,' ती मोठ्याने म्हणाली. आपला आवाज ऐकून तिला जरा धीर आला. मग वाटलं, आपण हे सांगितलं कोणाला?

४

तिने ॲप काढून टाकलं. उल्हासचं ते अटीतटीचं ॲप घेतलं, रविवारची सबंध दुपार डोकं शिणवून तेच तीन नियम त्यात पुन्हा बांधले. सोमवारी स्टेशनवर पाहिलं. घरात, विद्या. मग माफी मागणारं ॲप घेतलं. त्याने अतिशय नम्रपणे तेच सांगितलं.

ॲप बदललं तरी घर तेच. म्हणजे चूक फोनची असणार. उल्हासला विचारलं तर तो मीटिंगमध्ये होता. "अगं, बग असेल. टेस्टर तू आहेस की मी?" म्हणाला आणि फोन ठेवून दिला. पार्थला विचारलं तर त्याचं उत्तर आलं, "दाइजोबु." ठीक आहे. त्या पोराला सगळंच दाइजोबु असतं.

सासूबाई मात्र खूश होत्या. "हल्ली लवकर घरी येतेस गं, बरं वाटतं बाई. परवा दुपारी फोन केला तर घरीच होतीस. किती निवांत बोललीस! नाहीतर एरवी तुझं आपलं, आई ठेवते, आई ठेवते."

"परवा, आई? परवा मी कामावर होते."

"अगं, भरलं वांगं काय मी एकटीने सांगितलं का कोणाला? दाण्याचं कूट किती घालू, विचारलंस की तू."

पण ऐंशीच्या घरातलं माणूस, परवा आणि दोन वर्षांपूर्वी यांची सरमिसळ व्हायचीच. तिने आपली तशी समजूत घातली. त्या संध्याकाळी घरात मसाल्याचा वास होता, मंद, भांडी घासून ठेवल्यावर राहतो तसा.

तिने फोन हातात घेतला. दिवेलागणीचा नियम काढून टाकायचा, आणि उद्यापासून दार बंद म्हणजे बंद. पुसायच्या बटणावर अंगठा नेलासुद्धा.

आणि आता खरं सांगायचं तर तिला भीती वाटतच होती, नाही कशाला म्हणू. पण बाहेर तो गार वारा, आणि इथे पाय ठेवल्याबरोबर ऊब. देवाजवळ दिवा. भरलेला टब. कितीतरी वर्षांत तिच्यासाठी कोणी पाणी तापवून ठेवलं नव्हतं. उल्हास इथे होता तेव्हासुद्धा नाही.

"राहू दे," ती म्हणाली आणि फोन खाली ठेवला.

त्यानंतर ती दारातून आत येताना "आले गं" म्हणायला लागली. गंमत म्हणून. उत्तर कधी आलं नाही. पण तेवढं म्हटल्यावर घरात एक शांतता पसरायची, कोणीतरी हातातलं काम थांबवून ऐकतंय तशी.

५

सुट्टी आठवड्यावर आली. विद्याने गव्हाचं पीठ मागवून ठेवलं, पार्थची गादी उन्हात घातली, आणि तेव्हाच उल्हासचा फोन आला.

"अगं, नवी सिस्टिम चालू करायचीय, गो-लाइव्ह नेमकं वर्षअखेरीला आलंय. नाही जमणार मला. तू समजून घे."

"असू दे," विद्या म्हणाली. "काम आधी."

तासाभरात पार्थ. त्याच्या बाइतोच्या दुकानात, म्हणजे जिथे तो कॉलेज सांभाळून काम करायचा तिथे, नववर्षाला माणसं कमी होती आणि डबल पगार होता. "गोमेन, सॉरी आई. फेब्रुवारीत येतो. नक्की."

"अरे, असू दे. नीट जेव मात्र."

ती नेहमी असू देच म्हणायची. रडून कोणाला बोलवावं हा तिचा स्वभाव नव्हता, आणि आपल्या रडण्याने कोणी येईल असा भरवसाही नव्हता. फोन ठेवून ती उन्हातली गादी आत आणायला गेली, तर ती आधीच आत होती, घडी करून, पार्थच्या खोलीत. विद्या त्या गादीवर बसली आणि मनसोक्त रडली. भिंतीपलीकडे, तिच्या स्वतःच्या झोपायच्या खोलीत, कोणीतरी अगदी तसंच रडत होतं. विद्या थांबली. तेही थांबलं, पण जरा उशिरा.

भिंती पातळ असतात इथल्या. ओगावा-सान असतील, ती म्हणाली. पण ओगावा-सानचं घर त्या भिंतीला लागून नव्हतं.

६

वर्षातला शेवटचा कामाचा दिवस. ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांना वाकून शुभेच्छा दिल्या आणि विद्या गाडीत बसली. खिडकीबाहेर आभाळ लाल होऊन विझत आलं होतं. हातातला फोन थरथरला. फॅमिली ग्रुप.

'सगळे घरी.'

तिने दोनदा वाचलं. ॲपमध्ये तिन्ही नावं ओळीने हिरवी झाली होती. बग, तिच्यातली टेस्टर म्हणाली. पण त्याच्यावर ग्रुपमध्ये दुपारचा उल्हासचा मेसेज होता, कामाच्या गडबडीत तिने न पाहिलेला.

'निघालो गं. पार्थला क्योतोला गाडीत घेतो. काल फोनवर एवढी रडलीस, मग कसलं डोंबलाचं गो-लाइव्ह.'

काल विद्याने कोणालाच फोन केला नव्हता.

तरीही तिचं मन आनंदाने असं उसळलं की बाकीचं सगळं मागे पडलं. आलेत! दोघं आलेत! कोणी का बोलावलं असेना. स्टेशनाबाहेरच्या दुकानातून तिने पार्थच्या आवडीचे गरम कोरोक्के, बटाट्याचे तळलेले कटलेट, घेतले, संत्र्यांची जाळी घेतली, आणि चढावर जवळजवळ धावत सुटली. पन्नाशीला आलेली बाई, दोन्ही हातांत पिशव्या, धाप लागलेली, आणि स्वतःशी हसतेय. लिफ्टची वाटसुद्धा तिला लांब वाटली.

पाचव्या मजल्यावरच्या उघड्या पॅसेजमध्ये तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, धुरकट काचेची. आत उजेड होता. पंखा चालू होता आणि त्यातून भरल्या वांग्याचा वास बाहेर येत होता. आत उल्हास हसत होता, पूर्वी हसायचा तसा, पोटापासून. पार्थ काहीतरी सांगत होता, चक्क मराठीत.

विद्याने फोन कुलपापुढे धरला. दार उघडेना. पडद्यावर अक्षरं आली: विद्या घरी आहे. दार आतून बंद आहे.

ती खिडकीकडे वळली. काचेपलीकडे दोन आकृत्या टेबलाशी बसल्या होत्या. तिसरी गॅसजवळ उभी होती. केस मानेवर बांधलेले, डावा खांदा जरा उतरलेला, अनेक वर्षं लॅपटॉपची बॅग अडकवून विद्याचा उतरला होता तसा. ती पोळी उलटत होती.

विद्याने पार्थचा नंबर लावला. आत फोन वाजला.

"आई," पार्थ म्हणाला, "तुझ्याच नंबरवरून फोन येतोय."

गॅसजवळची आकृती थांबली. मान किंचित खिडकीकडे वळली. काच धुरकट होती म्हणून, नाहीतर चेहरा दिसला असता.

"वाजू दे रे," विद्याचाच आवाज आतून म्हणाला. "हल्ली फोन असं वेड्यासारखं करतो. तू जेव. गार होईल."

७

बेल हाताशी होती. तिने बोट नेलं.

बेल वाजवायची, उल्हास दार उघडेल, आणि मग जे असेल ते त्याच्या समोरच होऊन जाईल. काय बिशाद आहे कोणाची! हा नवरा तिचा, हा मुलगा तिचा, घर तिचं.

मागे लिफ्टचं दार उघडलं. ओगावा-सान भाजीची पिशवी घेऊन आल्या. विद्याचा जीव भांड्यात पडला. त्या जवळ आल्या, पॅसेजच्या दिव्याखाली थांबल्या, आणि त्यांनी विद्याच्या चेहऱ्याकडे अगदी सरळ, नीट पाहिलं.

"अरे, तुम्ही होय," त्या मायेने म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. आज विद्या-सान घरी आहेत हं. नवरा आणि मुलगाही आलाय. मघाशीच मला डबा देऊन गेल्या, किती आनंदात होत्या! वाजवा ना बेल."

विद्याचं बोट बटणावरच होतं. उल्हासने दार उघडलं आणि असंच पाहिलं तर? असंच, मायेने, परक्या बाईकडे पाहतात तसं? आणि पार्थने?

आत कोणीतरी ताटं मांडत होतं. उल्हास म्हणाला, "अगं, तू पण बस ना आता." खुर्ची सरकली.

तिने बोट मागे घेतलं. ओगावा-सान वाट बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून ती वाकली. वाकून नमस्कार केला.

ओगावा-सान आपल्या घरात गेल्या. पिशवीतले कोरोक्के गार झाले होते. विद्या दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिली. उद्या तिन्हीसांजेला दार मिनिटभर उघडणार होतं. नियम तिनेच केलेला होता. तो आतल्या बाईने तोवर काढून टाकला नाही म्हणजे झालं.